टान्या ब्रेकेची दुसरी यादी

टान्या ब्रेके अकरा वर्षं शाळेची नऊ नंबरची बस चालवत होती. उणे तीसच्या थंडीत पहाटे इंजिन गरम करायचं, गोठलेल्या दाराला खांदा लावून ते उघडायचं आणि बेचाळीस मैलांचा फेरा मारून बासष्ट पोरं शाळेच्या दारात उतरवायची. अकरा वर्षांत तिची बस दोनदाच उशिरा पोचली, आणि दोन्ही वेळा टर्की घेऊन जाणारा ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. गावात तिचं नाव होतं ते मात्र आवाजासाठी. मागच्या बाकावर कुणी उभं राहिलं की ती आरशात बघायची आणि त्याचं नाव घ्यायची. नुसतं नाव. ओरडावं लागायचं नाही, पोर खाली बसायचं. नाव घेतलं की माणूस जागेवर येतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि बासष्टच्या बासष्ट नावं तिला पाठ होती.

छत्तिसाव्या वर्षी तिला सातवा महिना लागला होता. जूनच्या मध्यावर दिवस भरणार होते, म्हणजे शाळेला सुट्टी लागल्यावर आठवड्याभरानं. "वेळापत्रक पाळणारं पोर आहे, तुझ्यावर गेलंय," असं तिचा नवरा कर्ट एकदा म्हणाला होता. त्यापलीकडे या विषयावर घरात फारसं बोलणं होत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी बेव्ह स्टॉर्लीचा फोन आला. चर्चमधल्या बायकांच्या मंडळाची सगळी सूत्रं बेव्हच्या हातात.

"टान्या, यादी कुठाय गं?"

"कसली यादी?"

"कसली म्हणजे? मे महिन्यातला दुसरा शनिवार धरलाय तुझ्या बेबी शॉवरसाठी. तळघरातला हॉल, हॅम सँडविच, लोणची, कॉफी, सगळं ठरलंय. यादीचा पत्ता तेवढा रविवारच्या पत्रकात छापायचा राहिलाय."

"मी यादी करणार नाही, बेव्ह."

"मग लोकांना कळणार कसं काय आणायचं ते?"

"काही आणू नका."

"अगं, रिकाम्या हातानं कोण येईल?"

"मग येऊ नका."

"बरं, बघ हं. विचार कर," म्हणून बेव्हनं फोन ठेवला. त्या गावात कुणाचा नकार कुणी ऐकून घेत नसे. नकार म्हणजे जरा उशिरा येणारा होकार, असं धरून सगळे कामाला लागत.

यादी काय, कुणीही करतं. दुकानाच्या संकेतस्थळावर बाळाला हवं ते सगळं टाकून ठेवायचं. लोक त्यातलं एकेक घेतात, घेतलं की त्या वस्तूपुढे हिरवी खूण येते, म्हणजे दोघींनी एकच बाबागाडी आणायला नको. टान्यानंही एकदा केली होती. तीन वर्षांपूर्वी.

तेव्हा ती आणि कर्ट सेंट क्लाउडच्या मोठ्या दुकानात गेले होते. दुकानानं हातात पिस्तुलासारखं यंत्र दिलं. वस्तूवर रोखायचं, चाप ओढायचा, की ती यादीत. कर्ट धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी काम करणारा, दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस. पण त्या दिवशी तो शिकारीला निघाल्यासारखा कपाटांमागून वाकून वाकून चालत होता. ओली फडकी कोमट ठेवायचा एक डबा होता. बाळाच्या ढुंगणाला गार लागू नये म्हणून. दोघं इतके हसले की दुकानातली मुलगी बघायला आली. कर्टनं त्या डब्यावरही चाप ओढला. एकशे चौदा वस्तू झाल्या. यादीच्या माथ्यावर बाळाच्या नावाची रिकामी चौकट होती. त्यात कर्टनं लिहिलं: सिग्ने. त्याच्या आईच्या आईचं नाव.

सप्टेंबरात शॉवर झाला. एक्केचाळीस जणींनी भेटी दिल्या. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, आठव्या महिन्यात, सिग्ने पोटातच गेली. चर्चच्या मागे स्प्रूसच्या झाडांच्या रांगेपाशी तिला पुरलं.

लोक वाईट वागले असं म्हणता येणार नाही. बारा दिवस दाराबाहेरच्या पायरीवर काचेच्या भांड्यात बटाटा-खिम्याचं हॉटडिश येऊन पडत होतं. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं धुऊन परत करायला सोपं. बेल मात्र एकीनंही वाजवली नाही. टान्या खिडकीतून बघायची: गाडी थांबायची, बाई भांडं ठेवायची, आणि बर्फ नसतानाही बर्फावरून चालावं तशी जपून परत जायची. चर्चच्या पत्रकात आजारी आणि दुःखी माणसांसाठी प्रार्थनेची यादी असते. सहा रविवार तिच्यात 'कर्ट आणि टान्या' होते. सिग्ने नव्हती. सातव्या रविवारी त्यांच्या जागी कुणाचा तरी गुडघा आला.

हे सगळं टान्यानं गिळलं असतं. पण तिसऱ्या आठवड्यात सासू आली. आर्डिसच्या हातात आभारपत्रांचा खोका होता, पाकिटं होती आणि कुणी काय दिलं त्याची वही होती.

"लोकांनी मनापासून दिलंय," आर्डिस म्हणाली. "फार उशीर झालेला बरा दिसत नाही."

"काय लिहू, आर्डिस? बाळाला टोपी फार आवडली?"

"नुसते आभार मान. दोन ओळी पुरे."

टान्यानं लिहिली. अंगावरचं दूध आटायच्या आत एक्केचाळीस पत्रं लिहिली. वहीत जशी नावं होती तशी, ओळीनं. एक आर्डिसचंही होतं, समोरच बसलेल्या आर्डिसचं, तेही लिहिलं. शेजारी कर्ट पाकिटं चाटून बंद करत होता. त्यानं मान वर केली नाही. शेवटचं पाकीट बंद झाल्यावर आर्डिस म्हणाली, "सामानाचं मी बघते. परत करून येते दुकानात." आणि सगळे खोके पिकअपमध्ये घालून घेऊन गेली.

त्यानंतर दुकानाची टपालं सुरू झाली. तुमचं बाळ आता दोन महिन्यांचं झालं. तुमचं बाळ आता मान धरू लागलं असेल. बाळाला पहिल्या वाढदिवसाची सवलत. टान्यानं यादी बंद करायला घेतली, तर संकेतस्थळ कारण विचारायला लागलं. चार कारणं दिली होती, त्यांतलं एक निवडायचं: दुसरीकडून घेतलं, दोनदा आलं, पत्ता बदलला, मन बदललं. तिनं फोन केला. फोनवरची मुलगी गोड होती. "मी तुमच्यासाठी 'मन बदललं' निवडू का, मॅडम? म्हणजे लगेच बंद होईल."

"माझं मन बदललेलं नाही," टान्या म्हणाली.

"नाही, ते फक्त नावाला हो."

"नावालासुद्धा नाही."

म्हणून ती यादी बंद झालीच नाही.

टान्यानं प्रार्थना सोडली नव्हती. रविवारी चर्चला जाणंही नाही. पूर्वी ती देवाकडे मागायची, आता त्याला जाब विचारायची, बसमधल्याच आवाजात. देवाला तो आवाज चालत असावा. निदान त्यानं कधी पायरीवर हॉटडिश ठेवून पळ काढला नाही.

बेव्हच्या फोननंतरच्या रविवारी ती नेहमीच्या बाकावर बसली. उजवीकडे कर्ट, कर्टच्या पलीकडे आर्डिस. दुसरं भजन चालू झालं. हातातलं पत्रक सहज उलटलं, तर मागच्या पानावर चौकट होती: 'कर्ट आणि टान्या ब्रेके यांच्या बाळाची यादी.' खाली संकेतस्थळाचा पत्ता. टान्यानं पत्ता बघितला. शेवटचे आकडे तिला ओळखीचे होते. तीन वर्षं ते दर टपालाच्या तळाशी येत होते. तिनं मांडीवर फोन उघडला. यादी उघडली. माथ्यावर सिग्ने. खाली एकशे चौदा वस्तू, आणि एक्केचाळीस हिरव्या खुणा.

पुढच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीच्या कानात म्हणाली, "अगो, बरंच घेऊन झालंय की." तिच्याही हातात फोन होता.

भजनाचं तिसरं कडवं अर्ध्यावर असताना टान्या उठली. त्या चर्चमध्ये आग लागली तरी माणसं कडवं पूर्ण करून उठली असती. ती सात महिन्यांचं पोट घेऊन मधल्या वाटेनं चालत गेली आणि तिनं मागचं दार बंद केलं, तेही हळू नाही.

पत्रकासाठी तो पत्ता बेव्हला कुणी दिला असेल, हे विचारायची गरज नव्हती. ती थेट आर्डिसच्या घरी गेली. पाऊण तासानं आर्डिस आणि कर्ट आले. आर्डिसनं कोट न काढताच बटाटे चुलीवर चढवले.

"मधूनच उठून आलीस," ती म्हणाली. "पाळक बघत राहिले."

टान्यानं पत्रक टेबलावर ठेवलं. "हे तुम्ही दिलंत?"

"बेव्हनं विचारलं. तू नाही म्हणालीस म्हणे. म्हटलं, एक केलेली आहे की."

"एक केलेली आहे की."

"तू बंद केली नव्हतीस, मला वाटलं ठेवली असशील. सगळं आहे तिच्यात. इतका विचार करून केलेली, पुन्हा कशाला डोकं शिणवायचं? ज्याच्यापुढे खूण नाही तेवढं लोक घेतील."

"आणि खूण आहे ते?"

आर्डिसनं हात पुसले. मग आणखी एकदा पुसले. "ते आहे ना," ती म्हणाली.

"कुठे आहे?"

आर्डिसनं तळघराच्या दाराकडे बघितलं.

टान्या खाली उतरली. कर्ट मागोमाग. लोणच्याच्या बरण्यांच्या पलीकडे, पांढऱ्या चादरीखाली, सगळं होतं. बाबागाडीचा खोका, पाळण्याचे भाग, बाटल्या, टोप्या, घड्या केलेली दुपटी. फडक्यांचा डबा. एकाही खोक्यावर धूळ नव्हती. कुणीतरी नेमानं पुसत होतं.

"परत करते म्हणाला होतात तुम्ही," टान्या वर तोंड करून म्हणाली.

आर्डिस जिन्यात उभी होती. "गेले होते. दोनदा गेले. तिथली बाई विचारायची, परत का करताय."

"मग?"

"मग काय. परत आले."

टान्या कर्टकडे वळली. "तुला माहीत होतं?"

कर्ट बुटांकडे बघत होता. "पिकअपमधून मीच उतरवलं सगळं."

"तीन वर्षं."

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की हे म्हणायला नको होतं.

टान्यानं बाळाची गाडीत लावायची खुर्ची खोक्यातून ओढून काढली. असल्या खुर्चीला मुदत असते. मुदत संपली की प्लॅस्टिक ठिसूळ होतं, धक्क्यात तुटतं. बस चालवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको. तिनं खुर्ची उलटी केली, तळावरची तारीख शोधली. तिला ती संपलेली हवी होती. मग आर्डिसच्या तोंडावर ती तारीख मारता आली असती: बघा, माझ्या पोराला कशात बसवणार होतात ते.

कर्टनं वाकून वाचलं. "अजून चार वर्षं आहेत."

"मोठ्यानं वाचू नकोस."

"चांगली आहे ती, टान्या. एकदासुद्धा वापरलेली नाही."

"मला माहितेय चांगली आहे. चांगली आहे म्हणूनच नको."

"हा काय विचार झाला?" जिन्यातून आर्डिस म्हणाली. "चांगल्या वस्तू पडल्यात आणि लोकांनी पुन्हा त्याच विकत आणायच्या? काय म्हणतील?"

"हेच म्हणाला होतात तुम्ही तेव्हाही. लोक काय म्हणतील. लोकांनी काय म्हणावं याची सोय लावण्यात तुमचा जन्म गेला."

"तुझ्या रागाची कुणाला सवय नाही असं नाही. तीन वर्षं तू रागावलेलीच आहेस."

"मग तीन वर्षांत कुणी विचारलंत, का ते?"

"माहीत असलेलं कुणी विचारतं का?"

टान्याच्या हातात अजून खुर्ची होती. ती तिनं जमिनीवर ठेवली, चादर ओढून तिच्यावर घातली. "तिचं नाव घ्या," ती म्हणाली. "तीन वर्षांत मी एकदाही तुमच्या तोंडून ऐकलेलं नाही. आता घ्या. इथे तिचंच सामान आहे सगळं."

आर्डिसचा हात कठड्यावर होता. तिनं तोंड उघडलं. "बटाटे लागतील खाली," ती म्हणाली आणि वर गेली.

सोमवारी सकाळचा फेरा संपवून टान्यानं बस आगारात लावली आणि तिथेच बसून राहिली. घरी जावंसं वाटेना. घरी कर्ट गप्प बसणार आणि ती भिंतींशी बोलणार. साडेनऊला बसच्या दारावर टकटक झाली. कर्ट होता, दोन हातांत दोन कॉफी. वजनकाटा सोडून तो कामाच्या वेळी आला, असं लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कधी घडलं नव्हतं.

तो पहिल्या बाकावर बसला. तो बाक सहा वर्षांच्या पोरांसाठी. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"पाकिटं मी चाटली होती," तो म्हणाला.

टान्या आरशातून बघत राहिली.

"त्या दिवशी. एक्केचाळीस. ती चव जात नाही तोंडातून. आईला थांब म्हणायला हवं होतं मी. मला वाटलं, मी बोललो तर तू रडशील."

"मी रडतच होते, कर्ट."

"हो. ते दिसलं."

कॉफी निवत चालली. मग तो म्हणाला, "ती यादी पत्रकातून काढायला लावलीय मी. बेव्हला फोन केला. पण बंद नाही केली. कारण विचारतात."

"राहू दे. ती सिग्नेची आहे. तिच्यावर दुसऱ्या कुणाचं काही चढवायचं नाही."

"बरं. मग याचं काय?" त्यानं तिच्या पोटाकडे मान हलवली. "याला काहीतरी लागेलच की. नागडं ठेवणार?"

"जूनमध्ये चालतं."

"आणि जानेवारीत?"

टान्याला हसू आलं नाही, पण तिनं फोन काढला. नवी यादी उघडली. माथ्यावर बाळाच्या नावाची चौकट आली, ती तिनं रिकामी ठेवली. कर्ट एकेक वस्तू सुचवत गेला आणि ती आरशातूनच हो नाही सांगत गेली. लंगोट, हो, पण सगळे लहान मापाचे नकोत. बाटल्या, सहा. साधा सपाट पाळणा, वर लोंबणारं काही नको. गाडीतली खुर्ची, नवी.

"आणि आईकडची?"

"काउंटीच्या आसरा-घराला दे सगळं. तिथे बायका पोरांना हातात घेऊन येतात, त्यांना जुन्या तारखाही चालतात. तू ने, तिला नेऊ देऊ नकोस. पुन्हा दारातून परत येईल."

"फडक्यांचा डबा?" त्यानं बिचकत विचारलं.

"तो आपल्या तिघांचा विनोद होता. याच्यासोबत दुसरा शोधू."

कर्टनं नाक पुसलं आणि बाहेर उभ्या बस बघत राहिला. टान्या अजून लिहीत होती. दुकानात न मिळणारं काही हवं असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहायची एक जागा असते. लोक तिथे आज्जीच्या हातची गोधडी वगैरे लिहितात. तिनं लिहिलं: सप्टेंबरमध्ये नऊ नंबरची बस सहा आठवडे चालवणारं कुणीतरी, परवाना असलेलं. एक. मग थोडं थांबून आणखी एक ओळ लिहिली: सिग्नेचं नाव, मोठ्यानं, माझ्यासमोर. पुढे 'किती हवेत' असा रकाना होता. तिथे तिनं एक्केचाळीस टाकलं. आणि सगळ्यांच्या वर, सूचनांच्या जागी: आभारपत्रं मिळणार नाहीत.

कर्टनं वाचलं. "लोक…" तो म्हणाला आणि थांबला. "पाठव," तो म्हणाला.

बुधवारी बेव्हचा फोन आला.

"यादी बघितली हो. छान आहे. ती शेवटची वस्तू… ती कुठे मिळते?"

"कुठेच मिळत नाही."

"मग खूण कशी करायची?"

"घेतलं की करायची, बेव्ह."

"आणि आभारपत्रं नाहीत म्हणजे? नंतर पाठवणार का?"

"नाही म्हणजे नाही."

"बरं," बेव्ह म्हणाली. "म्हणजे, जरा वेगळंच आहे हो." त्या गावात याहून कडक शब्द कुणी कुणाला बोलत नाही.

गाडीतल्या खुर्चीपुढे दोन दिवसांत खूण आली. लंगोट आले, पाळणा आला. निवृत्त झालेल्या ड्वेन नावाच्या एका ड्रायव्हरनं बसच्या ओळीपुढे खूण केली आणि खाली लिहिलं, 'रिव्हर्स गिअर अजून तसाच आहे का?' टान्या रोज बघायची. शेवटच्या ओळीपुढे शून्य. शॉवरच्या सकाळीही शून्य. एक्केचाळीसपैकी शून्य.

तळघरातला हॉल भरला होता. हॅम सँडविच, आंबटगोड काकड्या, लिंबाच्या वड्या. बायका बाळाचे कपडे हातात धरून 'किती गं इवलंसं' म्हणत होत्या. टान्या मधल्या खुर्चीत बसून एकेक भेट उघडत होती. कुणी हवामानाबद्दल बोललं, कुणी ड्वेनच्या पाठदुखीबद्दल. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. अजून पाच मिनिटं, तिनं ठरवलं, मग उठायचं आणि पुन्हा या पायऱ्या उतरायच्या नाहीत. पोराचा बाप्तिस्मासुद्धा दुसऱ्या चर्चमध्ये.

बेव्ह उठली. तिच्या हातात मऊ कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिची मान लाल झाली होती.

"हा हिरवा आहे," ती म्हणाली. "स्वेटर. सिग्नेला मी पिवळा विणला होता. त्या नमुन्याचा परत कुणाला विणला नाही मी." आणि ती बसली.

हॉलमध्ये कप वाजायचेही थांबले. मग मागच्या रांगेतली बहिरी म्हातारी, जिला बोलणं कळलं नव्हतं पण सगळ्या बघतायत हे कळलं होतं, शेजारणीला म्हणाली, "काय म्हणाली?" शेजारीण तिच्या कानाशी वाकली. "सिग्ने," म्हातारी खणखणीत म्हणाली, "हो, हो, सिग्ने. चांगलं नाव." त्यानंतर एकेक जण म्हणाली. काही जणी शाळेत हजेरी द्यावी तशा, घाईनं. दोघी-तिघींना जमलं नाही, त्यांनी नुसता टान्याच्या खांद्याला हात लावला. टान्या मनात मोजत होती. सव्वीस. तिनं कुणाचे आभार मानले नाहीत.

सत्ताविसावी कुठे होती ते तिला ठाऊक होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

आर्डिस मोरीशी उभी राहून कप धुत होती. सकाळपासून ती तिथून हलली नव्हती. पाण्याचा नळ मोठा सोडला होता.

"ऐकू आलं तुम्हाला," टान्या म्हणाली.

"आलं."

"मग?"

आर्डिसनं नळ बंद केला, वळली मात्र नाही. "मी रोज घेते नाव. मागे स्प्रूसपाशी जाते तेव्हा. तिथे कुणी नसतं."

"मी असते तिथे."

"तुझी गाडी दिसली की मी पुढे निघून जाते."

तीन वर्षं. दोघी त्याच शंभर पावलांवर.

"माझ्या आईचं नाव ते," आर्डिस कपाकडे बघत म्हणाली. "पूर्वी मी सगळ्यांना सांगत सुटायचे, सिग्ने असा केक करायची, सिग्नेनं एकदा अस्वलाला झाडूनं हाकललं. आता आईची गोष्टही सांगता येत नाही. तोंडातच थांबते."

"थांबू देऊ नका. इथे घ्या."

आर्डिसनं कप उपडा ठेवला. मग ती वळली. "सिग्ने," ती म्हणाली. जेवायला बोलवावं, तशी म्हणाली.

बाहेर कुणीतरी हसलं, खुर्च्या सरकल्या. टान्याचे डोळे कोरडे होते. "ती पत्रं मी विसरणार नाही, आर्डिस."

"नको विसरूस." आर्डिसनं ओले हात एप्रनला पुसले. "माझं एक माझ्याकडे आहे. उघडलेलं नाही मी ते. ड्रॉवरमध्ये आहे, तसंच बंद."

"मला परत द्या."

"उद्या आणून देते."

"आज. आत्ता."

मोरीत अजून तीसेक कप होते, कॉफीचं मोठं भांडं निम्मं भरलेलं होतं. चर्चच्या स्वयंपाकघरात काम अर्धवट टाकून आर्डिस आयुष्यात कधी निघाली नव्हती. तिनं एप्रनची गाठ सोडली, तो खुंटीला लावला, पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि मागच्या दारानं गेली.

टान्यानं बाह्या वर केल्या, नळ सोडला, पहिला कप उचलला आणि मोरीवरच्या उंच खिडकीतून रस्त्यावर नजर ठेवून तिची वाट बघत राहिली.